दार आणि रस्ता : स्त्रियांच्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा इतिहास आणि उद्या



आजच्या विषयाची जाहिरात पाहून दोघा-तिघांनी आयोजकांना फोन करून विचारलं म्हणे, की बाईंचा विषय छापताना काही चूक झाली आहे का? चूक झालेली नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या बाईने पंचाहत्तरीला आल्यावर मारामारीवर का बोलावं, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं उत्तर आधी देते.

माझी नात १७ वर्षांची आहे. लहानपणापासून ज्युडो खेळते. गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी तिने जाहीर केलं, की आता मला मिक्स्ड मार्शल आर्ट्स करायचं आहे. पिंजऱ्यात उतरून ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकत्र असतं ना, ते. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, बशी ठेवून उठूनच गेला. सून गप्प. मग नात माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आजी, तू सांग. ह्यात मुलींना पुढे काही आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर येत नसेल तर वाचावं, एवढं एकच शिक्षकाच्या हातात असतं. म्हणून वर्षभर वाचलं, जुन्या लढती पाहिल्या. पहिल्या काही तर डोळ्यांवर हात धरून, बोटांच्या फटीतून पाहिल्या. आज जे बोलणार आहे ते तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे असं समजा.

खेळाची ओळख थोडक्यात करून देते. उभ्याने ठोसे आणि लाथा मारता येतात, प्रतिस्पर्ध्याला खाली पाडता येतं, आणि खाली पाडल्यावरही झुंज चालू राहते. सांधा ताणणारी किंवा गळा आवळणारी पकड बसली, की समोरचा हाताने थोपटून हार मान्य करतो. अमेरिकेतली यूएफसी ही संस्था १९९३मध्ये डेन्व्हर शहरात पहिली स्पर्धा भरवून सुरू झाली, तेव्हा नियम नावापुरतेच होते. २०००नंतर अमेरिकेतल्या राज्यांनी हळूहळू एकसमान नियम लागू केले. आज वजनगट आहेत, पाच मिनिटांच्या फेऱ्या आहेत, पंच आहे, डॉक्टर आहे. साध्या लढतीत तीन फेऱ्या, विजेतेपदाच्या लढतीत पाच. स्त्रियांनाही तेवढ्याच. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण ते खरं व्हायला बराच काळ लागला.

आता इतिहास. पण तो अमेरिकेतून सुरू करत नाही. आपल्या दारातून सुरू करते.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे गल्लोगल्ली तालमी, खासबाग मैदान, लाल माती. पण हमीदा बानू हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते सत्तरी ओलांडल्यावर. उत्तर प्रदेशातून आलेली ही मल्ल १९४० आणि १९५०च्या दशकांत पुरुषांशी कुस्ती खेळत असे. मे १९५४मध्ये बडोद्यात तिने बाबा पहिलवान नावाच्या मल्लाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं, आणि ती बातमी देशभर गेली. आमच्या कोल्हापुरात काय झालं? तिथे तिने एका पुरुष मल्लाला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली आणि दगड फेकले. पुण्यात तिची कुस्ती ठरली होती, ती तिथल्या कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द करावी लागली. तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर असं आलं, की बंदी तुम्ही स्त्री आहात म्हणून नाही. तुमच्यासमोर नकली मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे.

नकली मल्ल उभे केले जात होते का? काही लढतींत केलेही असतील. त्या काळच्या दंगलीत पुरुषांच्या नुरा कुस्त्याही होत. आणि त्यावर उपाय म्हणून पुरुषांची कुस्ती कोणी बंद केल्याचं ऐकलं नाही. हमीदा बानू पुढे कुस्तीतून नाहीशी झाली. मुंबईजवळ कल्याणमध्ये राहिली, दुधाचा व्यवसाय केला.

माझा प्रश्न वेगळा आहे. हमीदा बानूनंतर कोण? कोणीच नाही. तिच्या हाताखाली मुली तयार झाल्या नाहीत, मुलींसाठी तालीम नव्हती, गट नव्हते, स्पर्धा नव्हती. पुरुषांची 'महाराष्ट्र केसरी' १९६१मध्ये सुरू झाली. महिलांची पहिली स्पर्धा मार्च २०२३मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. बडोद्याची कुस्ती आणि सांगलीची कुस्ती यांच्यात ६९ वर्षं आहेत. हमीदा बानूसाठी दार काही काळ किलकिलं झालं होतं. त्या दारापर्यंत येणारा रस्ता मात्र नव्हता, म्हणून ती गेली आणि दार लागलं.

दार आणि रस्ता, हे दोन शब्द आज आपल्याला पुरणार आहेत.

आता अमेरिकेत जाऊ. १९५९ साल. न्यूयॉर्क राज्यात युटिका इथे ज्युडोची सांघिक स्पर्धा होती. एका संघातला खेळाडू जायबंदी झाला आणि त्याच्या जागी रस्टी कानोकोगी नावाची तरुणी उतरली. केस बारीक कापलेले, छाती घट्ट बांधलेली. ती जिंकली, तिचा संघ जिंकला. मग आयोजकाने तिला बाजूला घेऊन विचारलं, तू मुलगी आहेस का? ती हो म्हणाली. पदक काढून घेतलं गेलं.

ह्या बाईने पुढे काय केलं ते पाहा. १९८०मध्ये स्त्रियांची पहिली जागतिक ज्युडो स्पर्धा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरली, ती तिच्या खटपटीने. त्यासाठी तिने स्वतःचं घर गहाण ठेवलं. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचा ज्युडो प्रात्यक्षिक म्हणून आला आणि १९९२मध्ये बार्सिलोनाला पदकांसह रीतसर आला. मधल्या काळात, १९८४मध्ये, ॲनमारिया डी मार्स ही ज्युडोत जगज्जेती होणारी पहिली अमेरिकन खेळाडू ठरली. तिची मुलगीही ज्युडो खेळू लागली आणि २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ७० किलो गटात कांस्यपदक घेऊन आली. त्या मुलीचं नाव रोंडा राउझी.

हे नाव तुमच्यापैकी तरुण मंडळींना माहीत असेल. पण तिच्याकडे येण्याआधी जपानला एक वळसा घालते, कारण स्त्रियांच्या ह्या खेळाची पहिली खरी वसाहत तिथे होती. १९९५मध्येच जपानमध्ये स्त्रियांची अशी स्पर्धा झाली होती. २०००नंतर 'स्मॅकगर्ल' ही फक्त स्त्रियांच्या लढतींची मालिका नियमित चालू झाली. सुरुवातीला तिथे जमिनीवरची झुंज ३० सेकंदांवर गेली की दोघींना उभं करत. स्त्रिया लढणार, पण जपून, असा तो हिशोब. तरीही त्याच जपानमधून मेगुमी फुजी तयार झाली. तिने सलग २२ लढती जिंकल्या. अगदी लहान चणीची बाई, पण पकड अशी की सुटका नाही. जगाच्या बऱ्याच भागाला तिचं नावही ठाऊक झालं नाही.

अमेरिकेतला बदल टीव्हीमुळे आला. फेब्रुवारी २००७मध्ये जिना कॅरॅनो आणि ज्युली केडझी यांची लढत 'शोटाइम' वाहिनीवर दाखवली गेली आणि त्या रात्री लोकांना तीच आवडली. फेऱ्या मात्र तीन-तीन मिनिटांच्या होत्या. पुरुषांच्या पाच मिनिटांच्या. ऑगस्ट २००९मध्ये सॅन होजे इथे कॅरॅनो आणि ब्राझीलची क्रिस सायबोर्ग समोरासमोर आल्या. मोठ्या स्पर्धेची मुख्य लढत दोन स्त्रियांची असण्याची ती पहिली वेळ, आणि ह्या वेळी फेऱ्या पाच मिनिटांच्या होत्या. पहिली फेरी संपायला एक सेकंद बाकी असताना सायबोर्ग जिंकली.

तरी सगळ्यांत मोठं दार बंदच होतं. जानेवारी २०११मध्ये यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांना कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं, की तुमच्याकडे स्त्रिया कधी लढणार? ते हसून म्हणाले, कधीच नाही.

ह्या 'कधीच नाही'चं आयुष्य दोन वर्षं भरलं. २३ फेब्रुवारी २०१३ला कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरात यूएफसीची पहिली स्त्री-लढत झाली, आणि तीही त्या रात्रीची मुख्य लढत. रोंडा राउझी विरुद्ध लिझ कार्मुश. कार्मुश अमेरिकेच्या नौसैनिक पायदळातून आलेली. तिने राउझीच्या पाठीवर चढून मान अशी धरली, की क्षणभर वाटलं इतिहास दुसरीच बाई घडवणार. राउझी सुटली, आणि पहिली फेरी संपायला ११ सेकंद असताना तिने ज्युडोतली तिची आवडती हाताची पकड लावली.

आता इथे थांबून विचार करायचा. दार का उघडलं? व्हाइट यांचं मतपरिवर्तन झालं, ते काही स्त्रीवादाची पुस्तकं वाचून नाही. राउझी तिकिटं विकू शकते हे त्यांनी पाहिलं. त्याबद्दल मला तक्रार नाही. धंदेवाईक माणसाने धंदा पाहावा. पण तिकिटं विकणारी बाई आकाशातून पडली नव्हती. तिच्यामागे आईचं जगज्जेतेपद होतं, ऑलिम्पिकमधला स्त्रियांचा ज्युडो होता, आणि त्याच्याही मागे १९५९मध्ये काढून घेतलेलं एक पदक होतं. दार उघडायला एक माणूस पुरला. दारापर्यंतचा रस्ता करायला ५४ वर्षं लागली, आणि तो करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं कुठल्या फलकावर नाहीत.

रस्ता असला की काय होतं, ते दोनच वर्षांत दिसलं. नोव्हेंबर २०१५मध्ये मेलबर्नच्या मैदानात ५६ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर हॉली होल्मची लाथ राउझीच्या मानेवर बसली आणि ती कोसळली. वर्षभराने अमांडा नुनेसने तिला ४८ सेकंदांत हरवलं. तेव्हा जाणकार म्हणाले, झालं, तारका गेली, आता स्त्रियांचा बाजार उठला.

उठला नाही. शॅनन नॅप ह्या बाईंनी २०१२मध्ये फक्त स्त्रियांसाठी 'इन्व्हिक्टा' नावाची संस्था काढली होती. २०१३च्या अखेरीस यूएफसीने ११५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५२ किलोंचा गट सुरू करायचं ठरवलं, तेव्हा त्यातल्या ११ जणी इन्व्हिक्टातून तयार होऊनच आल्या. मग चीनच्या झांग वेइलीने ऑगस्ट २०१९मध्ये शेंझेनला ४२ सेकंदांत त्याच गटाचं विजेतेपद घेतलं. मार्च २०२०मध्ये तिची आणि पोलंडच्या योआना येंजेचिकची पाच फेऱ्यांची लढत झाली. ती संपली तेव्हा आपल्याकडे ८ मार्च उजाडला होता, जागतिक महिला दिन. येंजेचिकचं कपाळ ओळखू येणार नाही इतकं सुजलं होतं. निकाल झांगच्या बाजूने लागला, तोही पंचांच्या विभागलेल्या मताने. ह्या खेळातल्या उत्तम लढतींमध्ये, पुरुष-स्त्री असा भेद न करता, तिची गणना होते. ती मात्र मी बोटांच्या फटीतून पाहिली नाही. हात कधी खाली आले ते कळलंच नाही.

आता आजची स्थिती. बरं दिसतं ते सांगितलं. बरं नाही ते असं.

पहिलं, रस्ता अरुंद आहे. यूएफसीत १४५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ६६ किलोंचा स्त्रियांचा गट २०१७मध्ये निघाला. त्यात पुरेशा खेळाडू कधी जमल्याच नाहीत. जून २०२३मध्ये अमांडा नुनेसने निवृत्ती घेतली आणि तो गटच बंद झाला. एका बाईबरोबर एक वजनगट गेला! पुरुषांच्या बाबतीत असं होत नाही. विजेता गेला की रांगेतला पुढचा येतो. दुसऱ्या टोकाला, ५२ किलोंच्या खाली तिथे गटच नाही. जपानच्या आणि आपल्याकडच्या कितीतरी मुली ४८-४९ किलोंच्या असतात. त्यांनी जायचं कुठे?

गट कमी असले की शरीराची ओढाताण होते. हे आपल्याला परदेशी उदाहरणाने समजावायला नको. ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅमने अडली, त्या सकाळी आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. तसाच प्रकार इथे आहे. ज्युडोत दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवणारी केयला हॅरिसन आधी १५५ पौंडांत लढायची. यूएफसीत तो गट नाही, म्हणून ती १३५पर्यंत उतरली आणि जून २०२५मध्ये विजेती झाली. ७० किलोंची बाई ६१वर. कौतुक करावं की काळजी, मला ठरवता येत नाही.

दुसरं, पैसा. इथले खेळाडू, पुरुष आणि स्त्रिया दोन्ही, नोकर मानले जात नाहीत. कंत्राटदार मानले जातात. त्यांची मजबूत संघटना नाही. खेळाडूंना बाजारात दाबून ठेवल्याच्या खटल्यात यूएफसीने २०२४मध्ये ३७ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. बलाढ्य पुरुष विजेत्यांची ही गत, तर पहिल्या पायरीवरच्या मुलीची काय असेल?

आणि आपल्याकडे? मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाना गावची पूजा तोमर वुशूतून आली आणि यूएफसीशी करार करणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. ८ जून २०२४ला लुईव्हिल इथे तिने पहिलीच लढत जिंकली. यूएफसीत लढत जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिच्याआधी रितू फोगाट कुस्तीतून आली आणि आशियातल्या 'वन चॅम्पियनशिप'मध्ये २०२१च्या मोठ्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेली. दोघींकडे पाहताना मला अभिमान वाटतो, आणि लगेच हमीदा बानू आठवते. ह्यांच्यानंतर कोण? त्या दोघी वुशू आणि कुस्तीच्या रस्त्याने आल्या. तो रस्ता किती सुरक्षित आहे, हे २०२३मध्ये जंतरमंतरवर बसलेल्या आपल्या कुस्तीगीर मुलींनी देशाला सांगितलं आहे. ज्या मुलीला आखाड्यात प्रतिस्पर्ध्याची भीती वाटत नाही, तिला आखाड्याबाहेरच्या माणसाची भीती वाटत असेल, तर दोष खेळाच्या हिंसेचा नाही.

एक आशेची खूण आहे. २०२६च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांमध्ये मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा समावेश करायचं एप्रिल २०२५मध्ये ठरलं. ही बातमी मला कुठल्याही विजेतेपदापेक्षा मोठी वाटली. पदक असलं की शिबिर लागतं, प्रशिक्षक नेमावा लागतो, कुमार गट काढावे लागतात. १९९२च्या बार्सिलोनाने ज्युडोसाठी जे केलं, त्याची ही सुरुवात असू शकते.

आता माझ्या मुलाचा प्रश्न. "आई, हे मारणंच आहे ना? त्याला खेळ कसं म्हणायचं?" आक्षेप हलका नाही. राउझीने २०२४मध्ये जाहीरपणे सांगितलं, की ज्युडोच्या दिवसांपासून तिच्या डोक्याला मार बसत आला होता आणि ती ते लपवत आली होती. म्हणजे ज्या ज्युडोला आमच्या घरात 'सुरक्षित' म्हणतात, तोही तितका सुरक्षित नाही.

ह्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते सोडवून घेऊ. पिंजऱ्यातली लढत नैतिक आहे का, हा एक. ती स्त्रीने करावी का, हा दुसरा. पहिल्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. पण ज्याला पुरुषांची लढत पाहताना काही वाटत नाही आणि स्त्रियांची पाहताना कसंतरी होतं, त्याचा आक्षेप हिंसेला नाही. मेंदू पुरुषाचाही तेवढाच नाजूक असतो.

राहिला पहिला प्रश्न. जॉन स्टुअर्ट मिल आम्ही वर्षानुवर्षं शिकवला : सज्ञान माणसाने स्वतःच्या संमतीने स्वतःवर ओढवून घेतलेल्या धोक्यात इतरांनी पडू नये. पण मिल शिकवताना मी मुलांना विचारत असे, की संमती खरी कधी? धोका पूर्ण कळला असेल तर. आणि 'नको' म्हणायची सोय असेल तर. जिला ह्याशिवाय मिळकत नाही, जिला डोकं दुखतंय हे सांगितलं तर पुढची लढत मिळणार नाही, तिची सही कागदावर असते; संमती असेलच असं नाही. म्हणून रस्ता हा शब्द मी इतक्या वेळा वापरला. हौशी स्पर्धा, लहान गट, डॉक्टर, नेमून दिलेली विश्रांती, तक्रार ऐकणारं कोणीतरी, आणि मधेच सोडून घरी परत येता येईल अशी वाट. हे असेल तर तो खेळ. नसेल तर त्याला तमाशाच म्हणावं लागेल, मग पिंजऱ्यात बाई असो की पुरुष.

नातीला काल रात्री मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, बाळ, पुढे काही आहे, पण थोडं आहे. दार उघडं आहे आणि रस्ता अर्धा झालाय. जायचं असेल तर बारावी झाल्यावर जा. चांगला गुरू शोध, डोक्याला लागलं तर लपवू नकोस, आणि शिक्षण सोडू नकोस. तिने विचारलं, "आणि बाबा?" म्हटलं, बाबाशी मी बोलते, तो माझा विद्यार्थी आहे.

ती हसली. मग म्हणाली, "आजी, मी नाही जिंकले तर?"

मी म्हटलं, कानोकोगीचं पदक काढून घेतलं होतं. ते तिला २००९मध्ये परत दिलं, ५० वर्षांनी. त्यानंतर तीनच महिन्यांत ती गेली. तिने त्या पदकाची वाट पाहत बसायचं ठरवलं असतं, तर राउझीला उतरायला स्पर्धाच नसती. तू जिंकलीस तर मला आनंद होईल. पण तुझ्यामागून आणखी चार मुली चटईवर आल्या, तर हमीदा बानूचं काहीतरी देणं फिटलं असं मी समजेन.

इथे थांबते. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि घरात कोणी मुलगी असा हट्ट धरून बसली असेल, तर उत्तर द्यायच्या आधी तिच्याबरोबर बसून एक लढत पूर्ण पाहा, एवढी विनंती.